झोपेची गोळी आणि रक्ताचा हिशेब

संध्याकाळी सात-आठच्या सुमारास औषधाच्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहिले की एक मागणी हमखास कानावर पडते : "भाऊ, ती झोपेची गोळी द्या ना, एकच पत्ता." नंदनवन असो, हसनबाग असो की वाठोडा, चित्र फारसे वेगळे नसते. हातातली चिठ्ठी दोन वर्षांपूर्वीची असते, घड्या पडून तिच्यावरची अक्षरे पुसट झालेली असतात. कधी ती चिठ्ठी शेजारणीची असते. "तिला लागू पडली, मलाही पडेल" एवढाच त्यामागचा विचार.

अशी गोळी महिनोन् महिने घेणारी मंडळी कधीतरी दवाखान्यात येतात आणि भीतभीत विचारतात, "डॉक्टरसाहेब, यानं रक्त खराब होते का?" प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम या गोळ्या रक्तपेशींना थेट इजा करतात असे फार क्वचित घडते. परंतु त्यांच्या अतिवापराचे परिणाम रक्तापर्यंत पोहोचतात. त्यातली मुख्य वाट श्वासातून जाते. सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने असलेल्या विदर्भात ही वाट प्रत्येक घराला माहीत असायला हवी.

एक गोळी, पण किती रात्रींची?

गिळलेली गोळी आतड्यातून रक्तात शिरते, यकृतातून जाते आणि मेंदूपर्यंत पोहोचते. रक्तात ती बहुतांशी अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते. डायझेपामचे जवळजवळ ९८ टक्के औषध असे चिकटलेले असते; उरलेले मोकळे औषधच काम करते. कुपोषण, यकृताचा आजार किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे अल्ब्युमिन कमी झाले की मोकळ्या औषधाचे प्रमाण वाढते. म्हणजे गोळी तीच, पण अंगाला लागणारी मात्रा जास्त.

दुसरी गोष्ट काळाची. रक्तातले औषध निम्मे व्हायला अल्प्राझोलामला साधारण ११ तास लागतात, वृद्धांमध्ये त्याहून जास्त. डायझेपामला २० ते ५० तास लागू शकतात, आणि त्यापासून शरीरात तयार होणारा दुसरा घटक तर त्याहीपेक्षा अधिक काळ टिकतो. रोज रात्री डायझेपामची एक गोळी घेणाऱ्याच्या रक्तात आजच्या गोळीबरोबर कालची आणि परवाचीही शिल्लक असते. पासष्टी ओलांडलेली आजी दुपारी दोन वाजताही झोपाळलेली दिसते, बोलताना अडखळते. घरचे म्हणतात, वय झाले. ते वय नसून साठलेले औषधही असू शकते.

पुढे मेंदू गोळीला सरावतो. अर्ध्या गोळीवर झोपणाऱ्याला एक लागते, मग दीड. अतिवापर बहुतेक वेळा असाच, कुणाच्या लक्षात न येता सुरू होतो.

जुन्या गोळ्यांनी शिकवलेले धडे

झोपेच्या औषधांमुळे रक्त बिघडते ही भीती निराधार नाही. तिच्यामागे खरा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात 'सेडॉर्मिड' नावाची झोपेची गोळी चालायची. ती घेणाऱ्या काही जणांच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके उठत, हिरड्यांतून रक्त येई. लंडनमधील डॉक्टर अ‍ॅक्रॉइड यांनी १९४९ च्या सुमारास याचे कोडे उलगडले. अशा रुग्णाचे रक्त आणि सेडॉर्मिड एकत्र आले की प्लेटलेट एकमेकींना चिकटून नष्ट होत. निरोगी माणसाच्या रक्तात तसे काही होत नसे. औषध आणि त्या माणसाच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे मिळून प्लेटलेटचा घात करत होती. डेंग्यूमुळे नागपूरकरांना प्लेटलेट हा शब्द आता पाठ झाला आहे. औषधामुळेही त्या एकाएकी कोसळू शकतात, हे वैद्यकाने शिकले ते एका झोपेच्या गोळीमुळे. सेडॉर्मिड पुढे वापरातून गेली.

त्याच काळात पांढऱ्या पेशींचा एक आजार डॉक्टरांना चक्रावून टाकत होता. घसा सडल्यासारखा होई, तीव्र ताप येई आणि रुग्ण काही दिवसांत दगावे. रक्त तपासले तर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या. अमेरिकेतील मॅडिसन आणि स्क्वायर या डॉक्टरांनी १९३४ मध्ये दाखवून दिले की यातले अनेक रुग्ण अमिडोपायरिन हे वेदनाशामक घेत होते. ते पुष्कळदा बार्बिट्युरेट या गटातील झोपेच्या औषधाबरोबर एकाच गोळीत मिसळलेले असे. घेणाऱ्याच्या दृष्टीने ती शांत झोपेची गोळी होती. आत काय आहे हे त्याला ठाऊक नव्हते. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर गोळी घेणाऱ्यांना हा धडा आजही लागू आहे.

तिसरा धडा आजही उपयोगाचा आहे. फेनोबार्बिटॉन, म्हणजे अनेक घरांना 'गार्डिनल' या नावाने माहीत असलेले औषध, १९१२ मध्ये झोपेसाठी आणि मन शांत करण्यासाठी बाजारात आले. आता ते मुख्यतः फिट्ससाठी दिले जाते. वर्षानुवर्षे घेतल्यास काही रुग्णांच्या शरीरात फॉलिक अ‍ॅसिड कमी पडते. मग लाल पेशी आकाराने मोठ्या, पण संख्येने कमी तयार होतात. या प्रकारच्या रक्तक्षयाचे कोडे सोडवण्यात मुंबईचा वाटा आहे. इंग्लंडहून आलेल्या डॉक्टर ल्यूसी विल्स यांनी १९२८ पासून तेथील गर्भवती महिलांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. त्यांत गिरणी कामगार स्त्रियाही होत्या. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये जाहीर केले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक अ‍ॅसिड. फिट्सचे औषध दीर्घकाळ घेणाऱ्याला थकवा, धाप, फिकटपणा जाणवू लागला तर साधी सीबीसी तपासणी करून घ्यावी. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नये. फिट्सच्या काही औषधांची रक्तातली पातळी त्याने कमी होऊ शकते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. मनोविकाराचे कोणतेही औषध घरात 'झोपेची गोळी' म्हणूनच ओळखले जाते. पण क्लोझापिनसारखे औषध वेगळ्या गटातले आहे. ते स्किझोफ्रेनियाच्या अवघड रुग्णांना दिले जाते आणि त्याने गुंगीही येते. फिनलंडमध्ये १९७५ साली या औषधामुळे पांढऱ्या पेशी नाहीशा होऊन ८ जणांचा मृत्यू झाला. तेव्हापासून हे औषध घेणाऱ्यांची रक्ततपासणी सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला केली जाते. ती तपासणी चुकवू नये. औषध चालू असताना घसा दुखून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

श्वास मंदावला की रक्तात काय होते?

आता मुख्य मुद्दा. मेंदूच्या तळाशी श्वासाचे केंद्र असते. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढू लागला की ते श्वासाचा वेग वाढवते. झोपेच्या गोळ्या या केंद्राला सुस्त करतात. निरोगी माणसाने योग्य मात्रेत एकटीच गोळी घेतली तर हा परिणाम किरकोळ असतो. परंतु गोळ्या जास्त झाल्या, वर दारू घेतली, ट्रॅमाडॉलसारखे अफूवर्गीय वेदनाशामक जोडीला असले, दमा-सीओपीडीचा जुना त्रास असला किंवा झोपेत घोरताना श्वास अडकण्याचा विकार असला, तर चित्र बदलते. श्वास उथळ होतो. फुप्फुसांतून कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर पडत नाही, तो रक्तात साठून रक्ताची आम्लता वाढवतो. त्याच वेळी ऑक्सिजन कमी होतो. अफूवर्गीय औषधे आणि या गोळ्या एकत्र घेण्याच्या धोक्याबद्दल अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने २०१६ मध्ये वेष्टनावर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले, तो याच कारणाने.

कोरोनानंतर पुष्कळ घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. त्याचे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे यंत्र रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजनने भरलेले आहे ते सांगते. मुळात हिमोग्लोबिन किती आहे ते सांगत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहते. हिमोग्लोबिन १४ असलेल्या माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात, यंत्रावर ९८ दिसत असताना, साधारण १८ मिलिलिटर ऑक्सिजन असतो. हिमोग्लोबिन ७ असेल तर यंत्र तेच ९८ दाखवते, पण ऑक्सिजन असतो जेमतेम ९ मिलिलिटर. आधीच निम्म्यावर असलेल्या माणसाचा श्वास मंदावला तर त्याच्याकडे गमवायला फार थोडे शिल्लक असते. शिवाय कार्बन डायऑक्साइड किती साठला हे या यंत्रावर कळतच नाही. म्हणून रक्तक्षय असलेल्या व्यक्तीला झोपेची गोळी देताना डॉक्टरांना हिमोग्लोबिनचा आकडा सांगणे आवश्यक आहे.

सिकलसेलच्या घरात अधिक सावध

नागपूरचा आणि सिकलसेलचा संबंध जुना आहे. शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा अहवाल १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. निलगिरी भागात भारतात प्रथम हा दोष आढळला त्याला तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. आज पूर्व विदर्भातील अनेक समाजगटांत हा आनुवंशिक आजार आहे आणि नागपूरच्या वस्त्यावस्त्यांत त्याचे रुग्ण आहेत.

या आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागेवर एक अमिनो आम्ल बदललेले असते. बदल एवढासाच, पण परिणाम मोठा. ऑक्सिजन कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना जोडले जाऊन लांब, कडक दोरे तयार करते आणि गोल लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडांत, पाठीत, छातीत असह्य दुखते. साधी लाल पेशी १२० दिवस जगते. सिकल पेशी १० ते २० दिवसांत मोडते. त्यामुळे दोन्ही दोषपूर्ण जनुके असलेल्या, म्हणजे 'एसएस' रुग्णाचे हिमोग्लोबिन बहुधा ७-८ च्या आसपासच असते.

पेशी विळ्यासारखी होण्यास तीन गोष्टी मदत करतात : ऑक्सिजनची कमतरता, रक्ताची वाढलेली आम्लता आणि शरीरातले कमी झालेले पाणी. झोपेच्या गोळ्यांचा अतिवापर या तिन्ही घडवू शकतो. श्वास मंदावल्याने पहिल्या दोन घडतात. तिसरी जरा आडवाटेने येते. गुंगीत पडलेला माणूस पाणी पीत नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा कूलरसमोर सात-आठ तास गुंगीत पडून राहणेही अंगातले पाणी कमी करण्यास पुरेसे असते.

सिकलसेलच्या रुग्णाला रात्री झोप येत नाही याचे कारण बहुधा दुखणे असते. वेदना अंगावर काढत तो कूस बदलत राहतो; घरातले कुणीतरी मायेपोटी आपली झोपेची गोळी त्याला देतात. वेदनेची गोळी आधीच घेतलेली असते. दोन्ही औषधे मिळून श्वास मंदावतात. दुखरी छाती मुळातच पूर्ण फुलत नसते, त्यात गुंगीमुळे श्वास आणखी उथळ होतो. फुप्फुसाचा तळचा भाग मिटून राहतो, तेथे ऑक्सिजन पोहोचत नाही आणि सिकल पेशी तेथेच अडकतात. यातून छातीचा जो गंभीर विकार उद्भवतो त्याने सिकलसेलचे रुग्ण दगावतात. म्हणूनच रुग्णालयात तीव्र वेदनेसाठी औषध देताना रुग्णाला जागे करून दीर्घ श्वास घ्यायला लावतात, चेंडू वर उचलायचे श्वासाचे यंत्र देतात आणि श्वासाची गती मोजत राहतात. घरी रात्री दोन वाजता हे कुणी करत नाही.

याचा अर्थ सिकलसेलच्या रुग्णाला वेदनाशामक देऊच नये असा नाही. वेदना दाबून ठेवणे हाही अन्याय आहे. वेदनेवर वेदनेचाच उपचार, तोही ठरवून दिलेल्या मात्रेत, व्हावा; तिला झोपेच्या गोळीने झाकू नये. आणि जे केवळ वाहक आहेत, म्हणजे 'एएस', त्यांनी या लेखाने घाबरून जाऊ नये. दैनंदिन आयुष्यात वाहकांच्या पेशी सहसा विळ्यासारख्या होत नाहीत. मात्र शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना आपण वाहक असल्याचे आवर्जून सांगावे.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे. चाळिशीपर्यंतच्या नागरिकांच्या तपासणीवर तिचा भर आहे. नागपुरात शासकीय रुग्णालयांमध्ये ही तपासणी होते. नंदनवनकरांना त्यासाठी लांब जावे लागत नाही. मेडिकल जवळच आहे.

रक्त पातळ करणारी गोळी आणि रात्रीची घसरण

आणखी एक जोडी धोक्याची. हृदयाची झडप बदललेले, हृदयाचे ठोके अनियमित असलेले किंवा पायात रक्ताची गाठ झालेले रुग्ण वॉरफरिन किंवा अ‍ॅसेनोकुमरॉल घेतात. अँजिओप्लास्टी झालेले अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल घेतात. यांपैकी कुणी रात्री झोपेची गोळी घेतली, पहाटे लघवीला उठला आणि तोल जाऊन न्हाणीघरात पडला, तर डोक्याला लागलेला साधा मारही कवटीच्या आत रक्तस्राव घडवू शकतो. तो कधी हळूहळू साठतो. पडल्यावर आठ-पंधरा दिवसांनी डोकेदुखी, विसराळूपणा, एका बाजूची कमजोरी सुरू होते, आणि तोपर्यंत त्या पडण्याचा सगळ्यांना विसर पडलेला असतो.

फेनोबार्बिटॉनची गंमत निराळी. ते यकृताला औषधे लवकर मोडायला लावते, त्यामुळे वॉरफरिनचा परिणाम कमी होतो. डॉक्टर आयएनआर पाहून वॉरफरिनची मात्रा वाढवतात. मग कुणी फेनोबार्बिटॉन परस्पर बंद केले की काही आठवड्यांत वॉरफरिन जास्त होऊन रक्तस्राव होऊ शकतो. अशा रुग्णाने कोणतीही गोळी वाढवताना, कमी करताना वा बंद करताना आयएनआर तपासून घ्यावा. फिट्ससाठी हे औषध घेणाऱ्या गर्भवतीनेही प्रसूतीच्या डॉक्टरांना त्याची कल्पना द्यावी. अशा मातेच्या नवजात बाळाला 'के' जीवनसत्त्वाच्या अभावाने रक्तस्रावाचा धोका असतो, आणि जन्मल्याबरोबर दिलेल्या एका इंजेक्शनने तो टळतो.

हे वाचून गोळी फेकून देऊ नका

महिनोन् महिने रोज गोळी घेणाऱ्याने ती एका रात्रीत बंद करणे धोक्याचे आहे. जीव घाबरतो, हात थरथरतात, झोप पार उडते. काहींना फिट येते, भास होतात. मात्रा टप्प्याटप्प्याने, काही आठवडे ते काही महिने घेऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करावी लागते. सवय लागणे हा स्वभावाचा दोष नाही, त्या औषधाचा गुणधर्म आहे. त्यामुळे ते डॉक्टरांपुढे बोलताना लाज वाटण्याचे कारण नाही.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे १ मार्च २०१४ पासून 'एच-१' या अनुसूचीत आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. दुकानदाराला रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी लागते. ओळखीचा दुकानदार नकार देतो तेव्हा तो आडमुठेपणा करत नसतो.

गोळी घेणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी एवढे पाळावे :

• डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांचे पत्ते बरोबर न्यावेत, आयुर्वेदिक आणि सर्दी-खोकल्याच्या औषधांसह.

• सिकलसेल, रक्तक्षय, सीओपीडी, मोठ्याने घोरणे, रक्त पातळ करणारी औषधे आणि दारू यांपैकी काहीही असल्यास ते न लपवता सांगावे.

• अंगावर जांभळे ठिपके, हिरड्यांतून रक्त, तोंडात फोड, ताप, न जाणारा थकवा दिसल्यास सीबीसी करून घ्यावी.

• माणूस हाका मारूनही नीट जागा होत नसेल, श्वास अगदी संथ वा घोगरा असेल, ओठ निळसर दिसत असतील तर त्याला कुशीवर वळवून १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. 'झोपू द्या, उतरेल' म्हणून सकाळची वाट पाहू नये.

• सिकलसेलच्या रुग्णाला छातीत दुखून धाप लागली किंवा ताप आला तर घरगुती गोळी न देता थेट रुग्णालय गाठावे.

• झोप उडण्यामागे चिंता वा उदासी असेल तर 'टेलिमानस'च्या १४४१६ या शासकीय मदतवाहिनीवर विनामूल्य बोलता येते.

झोप न येण्यामागे बहुतेक वेळा काही कारण असते : दुखणे, चिंता, रात्रपाळी, घोरणे, थायरॉईड, संध्याकाळचा चहा किंवा उशाशी ठेवलेला मोबाइल. ते शोधायला एक-दोन भेटी लागतात, आणि ते सापडले तर गोळीची गरज कित्येकदा उरत नाही. घरात जुनी चिठ्ठी असेल तर ती औषधाच्या दुकानात न नेता या आठवड्यात डॉक्टरांकडे न्यावी आणि एकच विचारावे : ही गोळी मला अजून लागते का?